मृतांचे स्मरण आणि जित्यांचा सांभाळ

आपल्या ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेसाठी यंदा आम्ही काही ऐतिहासिक स्वरूपाचा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. जन्म प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात गेला. ताम्रपट व शिलालेख वाचणाऱ्या पंडितांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि गेल्या वार्षिक सभेत स्मृतिनिधीच्या व्याजाचे काय करावे यावर जो वाद झाला, तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. दिवंगतांच्या नावांचा संगमरवरी फलक बसवावा व उरल्या रकमेतून शालान्त परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलांस ढाली द्याव्यात असे एका पक्षाचे म्हणणे होते. हा पैसा घरचा कर्ता पुरुष गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी खर्च व्हावा असे दुसऱ्याचे. रात्र फार झाल्याने ठराव पुढील सभेवर टाकण्यात आला. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहो हे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढील इतिहास वाचताना वाचकांची फसगत होणार नाही.

प्रारंभ घरच्याच एका कागदापासून करतो. निडी हे नाव पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांच्या कागदपत्रांत आढळते, आणि आमच्या घराण्याचेही एक पाऊल पेणेत तर दुसरे रोह्यात असे पूर्वापार चालत आले आहे. आमचे आजोबा मुंबईस गिरणीत कामास होते. सन १९४५ च्या पावसाळ्यात विषमज्वराने ते मुंबईतच वारले. त्या वेळी आमचे वडील नऊ वर्षांचे होते. आजोबांची पत्र्याची ट्रंक गावकऱ्यांनी घरी आणून दिली. तिच्यात दोन धोतरे, एक पितळी तांब्या आणि घडी घातलेला एक कागद निघाला. तो कागद आजीने मरेपर्यंत देवघरात जपला व आज तो आमच्यापाशी आहे. त्यावर शिसपेन्सिलीने तेवीस नावे लिहिली असून प्रत्येकापुढे रक्कम आहे : कोठे चार आणे, कोठे आठ आणे, दोघांपुढे दोन दोन रुपये.  शेवटच्या नावापुढे मात्र रक्कम नाही. तेथे केवळ “मुलाचे जेवण” एवढेच शब्द आहेत. ज्या गृहस्थाने ते लिहिले त्याचे घर पेणेस होते. पुढे आमचे वडील शिकावयास पेणेस राहिले तेव्हा चार वर्षे त्यांचे दोन वेळचे जेवण त्या घरी झाले. त्या गृहस्थाचे नाव आम्ही येथे देत नाही. त्याच्या वंशजांनीच तसे सुचविले, आणि त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

असले कागद आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. कोकणातील माणूस पोटासाठी मुंबईस गेला तो एकटा गेला नाही. परळ, लालबाग, शिवडी या भागांतील चाळींत एकेका गावच्या लोकांनी मिळून गाळे घेतले, तेथे पाळीपाळीने वळकट्या पसरल्या, आणि त्या गाळ्यांतूनच गावकरी मंडळे उभी राहिली. दरमहा थोडी वर्गणी, गावच्या देवळाची दुरुस्ती, पालखीचा खर्च, आणि कोणी दगावल्यास त्याचे क्रियाकर्म करून अस्थी व सामान गावी पोहोचविणे ही त्यांची ठरलेली कामे होती. त्यांना लेखी घटना नव्हती आणि अध्यक्षाची खुर्चीही नव्हती. पण वही होती आणि ती दर महिन्याला सर्वांसमक्ष वाचली जात असे. सन १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला व पुढे गिरणगावच उठले, तेव्हा या गाळ्यांबरोबर त्या वह्याही गेल्या. इतिहास लिहिणाऱ्यांनी संपावर पुष्कळ लिहिले आहे. वह्यांवर कोणी लिहावे अशी आमची फार इच्छा आहे.

आता जरा मागे जाऊ. कर्ता पुरुष गेला म्हणजे विधवेचे व पोरांचे काय, हा प्रश्न एकत्र कुटुंबात सुटलेलाच आहे असे आपले पूर्वज मानीत. तो कसा सुटत असे हे आजीसारख्या बायकांस विचारावे. पोटास मिळे, परंतु हक्क म्हणून काही मिळत नसे. सन १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेस नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हिस्सा मिळाला. डॉ. गोपाळराव देशमुख यांनी तो कायदा आणला म्हणून देशमुख कायदा या नावानेच तो ओळखला जाई. परंतु मुळात शेतजमिनीस तो लागू नव्हता, आणि आमच्याकडे तर जमिनीवाचून दुसरी मिळकत ती काय असणार? सन १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी व आई यांना वारस म्हणून बरोबरीचे स्थान दिले. तेव्हापासून वारस नोंदीत विधवेचे नाव लागले पाहिजे. तरीही दिराने तलाठ्याकडे जाऊन आपलेच नाव लावून घेतले, अशी प्रकरणे आम्ही निवृत्तीपर्यंत पाहिली आहेत. निधीच्या पाचशे रुपयांपेक्षा वेळीच झालेली वारस नोंद अशा घरास अधिक उपयोगी पडते. हे विषयांतर झाले, पण ते मुद्दाम केले आहे.

या प्रश्नाकडे धर्मकृत्य म्हणून न पाहता व्यवस्थेची बाब म्हणून पाहणारे लोक महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात पुढे आले. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी सन १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो डॉक्टर झाला. सन १८७६-७७ च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी धनकवडीस अन्नछत्र चालले. पुढे सन १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंनी देह ठेविला. पंढरपुरास प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी सन १८७५ च्या सुमारास अनाथ बालकाश्रम काढला. पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळात अन्नान्न करीत गेले होते. त्या बाईंनी सन १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस शारदा सदन उघडले. स्वतः पोरके झालेल्यानेच पोरक्यांसाठी घर बांधावे, असे या इतिहासात पुनःपुन्हा घडलेले दिसते.

परंतु आम्हां कोकणवासीयांस सर्वांत जवळचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचेच. त्यांचे बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. सन १८८६ मध्ये, अद्याप ते विशेष नावारूपास आलेले नसताना, त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. मुरूडच्या ज्या ज्या माणसास बाहेरगावी मिळकत आहे त्याने तिचा ठराविक हिस्सा गावच्या सार्वजनिक कामासाठी द्यावा, अशी ती कल्पना. वर सांगितलेल्या चाळीतल्या वह्यांची ही थोरली बहीणच म्हणावयाची. पुढे त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली आणि सन १८९३ मध्ये त्यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. तेव्हा त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. फंडाचा जनक गावात जेवावयास बसू शकेना. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी ही गोष्ट विसरता कामा नये. मदत करणारे हात आणि वाळीत टाकणारे हात एकाच गावाचे असतात, नव्हे, पुष्कळदा एकाच माणसाचे असतात.

कर्व्यांनी सन १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. आश्रम ज्यांच्यासाठी होता त्या बहुतेक बालविधवा, पण पाटीवर ‘विधवा’ हा शब्द नसून ‘अनाथ बालिका’ असे शब्द होते. प्लेगामुळे सन १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्यास नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे सहा एकर जागा व इमारतीसाठी ७५० रुपये दिले आणि एक झोपडी उभी राहिली. ती झोपडी आजही दाखवितात. कर्वे पुण्यातून कॉलेज आटोपून संध्याकाळी चिखल तुडवीत तेथे पायी जात व पहाटे परत येत. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्या याच आश्रमात शिकल्या, त्याच्या चालक झाल्या आणि सन १९१८ मध्ये इंग्रजीचे तुटपुंजे ज्ञान घेऊन आश्रमाच्या मदतीसाठी थेट अमेरिकेस गेल्या. ज्या बाईला घराच्या उंबऱ्याबाहेर मान नव्हता तिने समुद्र ओलांडून वर्गणी जमवावी, हे वाचून आमच्या वर्गातील मुली टाळ्या वाजवीत असत.

स्मारक म्हणून केलेल्या दानाचेही एक मोठे उदाहरण कर्व्यांच्याच कार्यात सापडते. त्यांनी सन १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी सन १९२० मध्ये १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. विद्यापीठास आपल्या मातुःश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यावे अशी अट होती. त्या माउलीचे नाव आज लक्षावधी मुलींच्या पदव्यांवर आहे. फलकाच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्या मित्रांनी म्हणावे की पाहा, नावाची इच्छा थोरामोठ्यांनाही असते. असते, आणि तीत गैर काही नाही. वाद नावाचा नसून ते नाव दगडावर असावे की कोणाच्या तरी शिकण्यावर, एवढाच आहे.

पुण्यात सन १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. बापाचे छत्र नसलेल्या होतकरू मुलांस राहावयास, जेवावयास व शिकावयास जागा देणे हा त्याचा मूळ हेतू. येथेही कालांतराने ‘अनाथ’ हा शब्द नावातून गळला. तो का गळला असावा हे आम्हांला एका प्रसंगाने कळले, आणि तो प्रसंग सांगणे आमच्या मनास जड जाते, तरी सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेवर मुख्याध्यापकाचे काम पाहत होतो. एका दानशूर गृहस्थाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ गरजू मुलांस वह्या व गणवेश वाटावयाचे ठरविले. आम्ही मोठ्या उत्साहाने समारंभ योजिला. व्यासपीठ, हारतुरे, छायाचित्रकार सर्व काही होते. यादी आम्हीच केली व ध्वनिक्षेपकावर आम्हीच वाचली : अमुक, वडील हयात नाहीत. तमुक, वडील हयात नाहीत. चौथीतला एक मुलगा आपले नाव पुकारल्यावर उठला, व्यासपीठापर्यंत आला, गणवेश घेतला, पाहुण्यांच्या पाया पडला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईनासा झाला. आम्ही घरी गेलो. त्याची आई म्हणाली, “गुरुजी, त्याला वडील वारल्याचं ठाऊक होतं. पण सगळ्या शाळेला ठाऊक आहे, हे त्याला काल कळलं.” गणवेश घडी न मोडता कोनाड्यात ठेवलेला होता. पुढे पुष्कळ खटपट करून आम्ही त्यास दुसऱ्या शाळेत घातले. तो शिकला, आज चांगला नोकरीस आहे व भेटल्यावर नमस्कारही करतो. परंतु त्या सकाळची आमची चूक आम्ही विसरलेलो नाही. पेणेच्या त्या गृहस्थाच्या वंशजांनी “आजोबांचे नाव छापू नका, तुमचे वडील आमच्याकडे जेवले हेही लिहू नका, ते आमच्या घरचेच होते” असे सांगितले तेव्हा आम्हांला आमच्या त्या समारंभाची लाज वाटली. अर्धी गोष्ट आम्ही तरीही लिहिलीच. त्याबद्दल ते क्षमा करतील.

रोह्यास सन १९२० मध्ये जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर ओळखली होती. त्यांच्या स्वाध्याय परिवारात योगेश्वर कृषी व मत्स्यगंधा असे प्रयोग झाले. शेतकऱ्यांनी पाळीपाळीने एका सामायिक शेतावर राबावयाचे, कोळ्यांनी पाळीपाळीने एका सामायिक नौकेवर जावयाचे, आणि येणारे उत्पन्न कोणाचेच नव्हे, देवाचे समजावयाचे. त्यातून अडलेल्या घरास मदत जाते ती प्रसाद म्हणून, गाजावाजा न करता. देणारा कोण हे घेणाऱ्यास कळत नाही, कारण एकटा देणारा असा कोणी नसतोच. शास्त्रीबोवांच्या तत्त्वज्ञानाविषयी मतभेद असतील, पण ही युक्ती निव्वळ व्यवहार म्हणूनही अभ्यासण्याजोगी आहे.

आमच्या जिल्ह्यास, म्हणजे सन १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यास, सामुदायिक मृत्यूची ओळख समुद्राने करून दिली. सन १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या किनाऱ्यावरच्या दोन आगबोटी एकाच वादळात बुडाल्या. त्याहून भयंकर घटना म्हणजे ‘रामदास’ बोटीची. ता. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास महिनाही उरला नसताना, आषाढी अमावास्येच्या सुमारास सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ती बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली, आणि निघाल्यापासून तासाभराच्या आतच काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्याने कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नसल्याने मुंबईस दुपारपर्यंत वार्ताही नव्हती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळीचा विचार न करता जेवढी माणसे होड्यांत घेता आली तेवढी वाचविली. ज्यांची प्रेतेही हाती लागली नाहीत त्यांच्या घरी कित्येक महिने कुंकू पुसावे की नाही हाच प्रश्न होता, असे आमची आजी सांगत असे. मृत्यूचा दाखला नाही म्हणजे वारस नाही, आणि वारस नाही म्हणजे पैसा नाही. शोकाचाही एक कागदोपत्री भाग असतो, तो आम्ही प्रथम तिच्या तोंडून ऐकला.

पुढे समुद्राची पाळी नद्यांनी व डोंगरांनी घेतली. सन १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्याचा घास घेतला व नागोठण्यातही हाहाकार उडविला. तेव्हा आम्ही तरुण शिक्षक होतो व गाळ उपसण्यास गेलो होतो. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, नागोठण्याच्या वायू प्रकल्पातील स्फोटात तीसहून अधिक कामगार दगावले. सन २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील जुई व दासगाव, सन २०२१ मध्ये तळिये, आणि ता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती आले व ५७ माणसे बेपत्ता ठरली. तेथील काही मुले केवळ आश्रमशाळेत राहावयास होती म्हणून वाचली, पण शाळेतून परत जावयास त्यांना घरच उरले नाही. शिक्षक म्हणून ही एक बातमी वाचून आमचे हातपाय गळाले.

अशा आपत्तीनंतर मदतीचा पूर येतो तोही आम्ही पाहिला आहे. पंधरा दिवस ब्लँकेटे व बिस्किटे ठेवावयास जागा नसते, आणि दुसऱ्या जूनमध्ये शाळेची फी भरावयास कोणी नसते. म्हणूनच सन १९९३ च्या सप्टेंबरअखेर लातूर-उस्मानाबादचा भूकंप झाला तेव्हा भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने जे केले ते आम्हांस विशेष वाटते. त्यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यास आणली आणि त्यांची राहण्याची व शिक्षणाची सोय वर्षानुवर्षे चालविली. संघटना जैनांची, मुले सर्व जातींची. दहा वर्षे पुरणारी शिदोरी बांधून मगच हात पुढे करावयाचा, हा त्यातला धडा. करोनाच्या साथीत सरकारनेही थोडेबहुत हेच सूत्र धरले. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेविली, तर केंद्राच्या योजनेत वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळावयाचे आहेत. एकच पालक गेलेल्यांची संख्या मात्र कितीतरी मोठी होती आणि त्यांच्या वाट्याला हे आले नाही.

परदेशांत या गोष्टीचे शास्त्र केव्हाच झाले होते. स्कॉटलंडातील धर्मोपदेशकांनी सन १७४४ मध्ये आपल्या विधवांसाठी व मुलांसाठी एक निधी काढला. दरवर्षी किती उपदेशक मरतील, मागे किती विधवा राहतील, याचे गणित दोघा गणितज्ञ पाद्र्यांनी आधी मांडले आणि वर्गणी त्या हिशेबाने ठरविली. आज आपण ज्यास आयुर्विमा म्हणतो त्याच्या पायाचा हा एक दगड. आपल्याकडे पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास सन १८७२ मध्ये हिंदू कुटुंबांसाठी असाच वर्षासन निधी निघाला. यातले तत्त्व ध्यानात घ्यावे : हयातीत सर्वांनी थोडे थोडे भरावे, म्हणजे मागे राहिलेल्यास मागावे लागत नाही. तेथे दया नसून हिशेब आहे, आणि हिशेबात कोणाची मान खाली जात नाही.

आता आपल्या स्मृतिनिधीकडे येतो. तो उभा राहिला तो तेराव्याच्या जेवणांतून. ऐकून नवल वाटेल. संत गाडगे महाराज कीर्तनांतून सांगत फिरले की कर्ज काढून सणवार व जेवणावळी करू नका, मुलांस शिकवा. स्वतःचा मुलगा गोविंद गेल्याची वार्ता कीर्तनात आली तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. त्यांच्या उपदेशाचा परिणाम म्हणून आपल्याकडील काही घरांनी तेराव्याची पंगत निम्मी केली व वाचलेली रक्कम संघाकडे मृताच्या नावे जमा केली. पहिल्या पावतीपुस्तकात सर्वांत लहान रक्कम अकरा रुपये आहे. संघाची नोंदणी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली झाली आहे. निधीच्या मुद्दलास हात लावला जात नाही, फक्त व्याज खर्ची पडते.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी अधिक व्याजाच्या मोहाने निधीची बरीच रक्कम एका सहकारी बँकेत ठेवण्यात आली. ती बँक बुडाली. त्या वेळच्या समितीत आम्हीही होतो आणि ठरावावर आमचीही सही आहे. सार्वजनिक निधी कोठे गुंतवावा याविषयी कायद्याचे कलम ३५ स्पष्ट आहे. ते आम्ही वाचले नव्हते, वाचले ते पैसे अडकल्यावर. आजपावेतो त्यातील थोडीच रक्कम परत आली. ती रक्कम कोणा अध्यक्षाची नव्हती. ती लोकांच्या मेलेल्या बापांच्या नावची होती. त्यामुळे सध्या जे व्याज येते ते फलक, ढाली आणि कुटुंबे या तिघांना पुरण्याइतके मुळीच नाही. निवड करावीच लागेल.

कोणी म्हणेल की सरकारी योजना असताना संघाने काय करावयाचे उरले? आम्ही निवृत्तीनंतर असे अर्ज भरून देण्याचे काम करतो, म्हणून अनुभवाने सांगतो. दारिद्र्यरेषेखालील घराचा कमावता माणूस साठीच्या आत वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. बालसंगोपन योजनेत एक वा दोन्ही पालक नसलेल्या पात्र मुलास दरमहा २,२५० रुपये मिळतात. धाटावच्या कारखान्यांत भविष्यनिर्वाह निधी कापला जात असलेला कामगार गेल्यास विधवेस निवृत्तिवेतन आणि दोन मुलांस वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याच्या चौथाईइतके प्रत्येकी मिळू शकते. शब्द ‘मिळते’ असा लिहावयाचा तर मध्ये मृत्यूचा दाखला, वारस दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारपत्र व बँकेचे पुस्तक, आणि त्या सर्वांवर नावाचे स्पेलिंग एकच असावे लागते. एका भगिनीचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होते. ते एक करून घेण्यास सात महिने गेले. तेवढ्या काळात तिच्या मुलाची अकरावी बुडाली असती. त्या सात महिन्यांचे गाडीभाडे, फी व किराणा हीच आपल्या निधीची खरी जागा आहे. सरकार उशिरा का होईना मोठी रक्कम देते. संघाने लहान रक्कम, पण दुसऱ्याच दिवशी द्यावी.

म्हणून पुढील सभेत आम्ही जो ठराव मांडणार आहो त्याचे स्वरूप येथेच देऊन ठेवतो. निधीचे सर्व व्याज पहिली पाच वर्षे केवळ कर्ता माणूस गमावलेल्या घरांतील मुलांच्या शिक्षणासाठी राखावे. मदत त्रैमासिक असावी व मूल शाळा सोडीपर्यंत चालावी. अर्ज मागवू नयेत. विभागवार एकेका भगिनीने व एका गृहस्थाने दुखवट्यास जातानाच घरची स्थिती पाहून यावी आणि कागदपत्रांचे काम अंगावर घ्यावे. घेणाऱ्यांची नावे दोन विश्वस्त व हिशेबनीस यांच्यापलीकडे कोणास कळू नयेत. स्मरणिकेत ती छापू नयेत, व्यासपीठावर कोणास बोलावू नये, छायाचित्र तर मुळीच काढू नये. हिशेबतपासणी मात्र दरसाल व्हावी आणि आकडे सर्वांसमोर वाचावे. दिवंगतांची नावे पूर्वीप्रमाणे स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर येतीलच. ढालींसाठी ज्यांस देणगी द्यावयाची आहे त्यांनी ती स्वतंत्र द्यावी, आम्ही स्वतः त्यात भर घालू. मुलांचे कौतुक झालेच पाहिजे, याविषयी एका जुन्या शिक्षकाचे दुमत असण्याचे कारण नाही.

फलकाचा आग्रह धरणारे आमचे स्नेही गेल्या आठवड्यात घरी आले होते. त्यांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी महामार्गावर अपघातात गेला. त्यांचा आग्रह कोठून येतो हे आम्ही जाणतो आणि त्याची थट्टा करण्याचे पाप आमच्या हातून होऊ नये. ते म्हणाले, “गुरुजी, त्याचं नाव कुठंतरी दिसावं एवढंच वाटतं.” आम्ही त्यांना ट्रंकेतला कागद दाखविला. त्यांनी चष्मा लावून सगळी तेवीस नावे वाचली, शेवटच्या ओळीशी थांबले व कागद घडी करून परत दिला. ठरावाच्या बाजूने मत देईन असे ते म्हणाले नाहीत, आम्हीही विचारले नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले की सुनेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज कारखान्याकडे अडला आहे, तो तुम्ही एकदा पाहाल का. सोमवारी आम्ही दोघे धाटावास जाणार आहो.